हप्त्यांवरील सौरसंच (पूर्व आफ्रिका)

हप्त्यांवरील सौरसंच : घरगुती सौरसंच उधारीवर देऊन त्याची किंमत मोबाइलवरून छोट्या हप्त्यांत वसूल करण्याची, पूर्व आफ्रिकेत रुजलेली व्यापारपद्धती. संचाच्या नियंत्रकात इलेक्ट्रॉनिक कुलूप असते. हप्ता भरला की ते तेवढ्या दिवसांपुरते उघडते, हप्ता थकला की दिवे बंद होतात आणि पूर्ण किंमत फिटली की कुलूप कायमचे निघून संच ग्राहकाच्या मालकीचा होतो. केन्या, टांझानिया, युगांडा व रवांडा ही या पद्धतीची मुख्य क्षेत्रे. आफ्रिकेतील हरित उद्योगांना खाजगी भांडवल मिळू शकते, हे दाखवण्यासाठी सर्वाधिक दिले जाणारे उदाहरण हेच आहे.

पूर्वपीठिका : केन्यातील घरगुती सौरविजेच्या व्यापाराचा आरंभ साधारणपणे १९८० च्या दशकाच्या मध्याकडे नेला जातो. हॅरल्ड बरिस हे अमेरिकन अभियंते आणि पीस कोअर या अमेरिकन सरकारी सेवासंस्थेचे स्वयंसेवक मार्क हँकिन्स यांनी १९८४-८५ च्या सुमारास मेरू भागातील कारामुगी हरांबी (लोकसहभागातून उभारलेल्या) माध्यमिक शाळेत सौरदिवे बसवले व स्थानिक तंत्रज्ञांना प्रशिक्षण दिले. शाळेतील दिवे पाहून चहा-कॉफी पिकवणारे शेतकरी व शिक्षक स्वतःच्या घरासाठी संच मागू लागले. १९९० च्या दशकात नोकरदारांना पगारातून कपात करून भाडेखरेदीने संच मिळत. ज्याला पगारपत्रक नाही, त्याला मात्र रोखीनेच घ्यावे लागे. आर्न जेकबसन यांच्या अभ्यासानुसार (२००७) या बाजारपेठेचा लाभ मुख्यतः ग्रामीण मध्यमवर्गाला झाला आणि विजेचा मोठा वाटा दूरचित्रवाणी संचासाठी खर्च होत होता.

या आरंभाच्या स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या लेखनात केन्या हे अनुदानाविना, निव्वळ ग्राहकांच्या मागणीवर उभ्या राहिलेल्या बाजारपेठेचे उदाहरण म्हणून येते. ससेक्स विद्यापीठातील रॉबर्ट बर्न व डेव्हिड ऑकवेल यांनी या मताला आधारासहित आव्हान दिले. त्यांच्या मांडणीनुसार तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, बाजार-पाहणी, दर्जाची मानके आणि नव्या कल्पनांच्या चाचण्या यांचा खर्च दीर्घकाळ देणगीदार संस्थांनी उचलला. खाजगी कंपन्या आल्या त्या या मशागतीनंतर. उपलब्ध पुरावा या दुसऱ्या मताकडे झुकतो. जागतिक बँक गटाचा ‘लायटिंग आफ्रिका’ हा कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला आणि निकृष्ट चिनी दिव्यांनी गमावलेला ग्राहकांचा विश्वास दर्जा-चाचणीच्या मार्गाने परत मिळवण्याचे काम त्याने केले. त्याच वर्षी सफारीकॉम कंपनीने केन्यात आणलेल्या एम-पेसा या मोबाइल-पैशाच्या सेवेच्या चाचणीलाही ब्रिटिश सरकारच्या विकास निधीचे साहाय्य होते. उलट, जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने १९९८ पासून राबवलेल्या सौरबाजार-परिवर्तन योजनेत केन्यासाठी सुमारे ५० लाख डॉलर ठेवलेले असूनही तिचा प्रभाव फारच मर्यादित राहिला. तेव्हा देणगीचा पैसा आला म्हणजे बाजार उभा राहतोच, असेही म्हणता येत नाही.

उगमाचा प्रश्न : कुलूपबंद सौरसंचाची कल्पना प्रथम कोणाची, हे निश्चित सांगणे कठीण आहे. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम ही सरकारी वीजकंपनी व शेल ही तेलकंपनी यांच्या संयुक्त प्रकल्पात १९९९ च्या आसपास चुंबकीय कार्डाने आगाऊ पैसे भरून चालणारे सौरसंच ईस्टर्न केप प्रांतात बसवले गेले. पण तेथे ग्राहक सेवेचे शुल्क भरत असे. संच त्याच्या मालकीचा होत नसे. २०११ मध्ये केंब्रिजच्या एट१९ या कंपनीने (पुढे अझुरी) खरवडण्याच्या कार्डावरील क्रमांक टाकून चालणारा संच केन्यात आणला. साधारण त्याच काळात सिंपा नेटवर्क्स या कंपनीने कर्नाटकात याच धर्तीचे प्रयोग केले. निक ह्यूझ, जेसी मूर व चॅड लार्सन यांच्या एम-कोपा कंपनीची विक्री ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली, चाचण्या त्याआधीच्या दोन-एक वर्षांतल्या. ह्यूझ यांचा व्होडाफोनमध्ये असताना एम-पेसाच्या उभारणीत प्रमुख वाटा होता. आगाऊ भरणा, भाडेखरेदी व मोबाइल-पैसा या तीन जुन्या गोष्टींची सांधेजोड हा खरा नवा भाग मानला, तर ते श्रेय पूर्व आफ्रिकेकडे जाते.

तांत्रिक रचना : दोन प्रकार आढळतात. एम-कोपाच्या नियंत्रकात सिमकार्ड असते. भरणा झाल्याची खूण थेट मोबाइल जाळ्यावरून येते आणि बॅटरीची स्थितीही कंपनीला कळते. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाला संदेशाने आलेला अंकसमूह संचावरील बटणांनी टाकावा लागतो. त्याला जाळ्याची गरज नसल्याने तो स्वस्त पडतो. सुरुवातीच्या संचात सुमारे ८ वॉटचे सौरपटल, दोन-तीन एलईडी दिवे, फोन चार्ज करण्याची सोय व रेडिओ असे. आरंभी काही रक्कम भरून पुढे साधारण वर्षभर दररोज ४०-५० शिलिंग (केन्याचे चलन) द्यावे लागत. हा आकडा घरातल्या रॉकेलच्या रोजच्या खर्चाशी जुळवून ठरवलेला होता.

अर्थपुरवठा : या धंद्याचे मर्म येथे आहे. संच चीनमधून डॉलर मोजून आणावा लागतो आणि त्याची किंमत वर्ष-दीड वर्षाने शिलिंगमध्ये फिटते. त्यामुळे विक्री जितकी वाढेल तितकी रोकड अडकते, आणि दिवे विकणारी कंपनी प्रत्यक्षात सावकारी संस्था बनते. आरंभीचा खर्च अनुदाने व जोखीम-भांडवलातून भागला, पण लाखो ग्राहकांची उधारी त्यावर पेलणारी नव्हती. बँका कर्ज देईनात, कारण तारण म्हणून दाखवायला होती ती फक्त गरीब घरांतली येणी.

तोड निघाली ती या येण्यांनाच तारण मानून. बीबॉक्स या सौरसंच-कंपनीने ऑइकोक्रेडिट या डच वित्तसंस्थेच्या साहाय्याने २०१५-१६ च्या सुमारास केन्यातील ग्राहक-करारांचे छोटे प्रतिभूतीकरण केले, म्हणजे पुढे येणारे हप्ते एकत्र बांधून त्यांवर गुंतवणूकदारांकडून आधीच पैसा उभारला. या क्षेत्रातले ते पहिले असे म्हटले जाते. २०१७ मध्ये एम-कोपाला स्टॅनबिक बँकेच्या पुढाकाराने ८ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. त्यात ब्रिटन, नेदरलँड्स व नॉर्वे यांच्या विकास-वित्तसंस्था होत्या. २०२३ मध्ये सन किंग या सौरसंच-कंपनीने केन्यातील येण्यांवर सुमारे १३ कोटी डॉलर मूल्याचे प्रतिभूतीकरण शिलिंगमध्ये केले, त्याचे नेतृत्व सिटी बँकेचे होते. (सन किंगच्या संस्थापकांनी आपल्या दिव्याची कल्पना ओडिशातील खेड्यांत घडवली होती.)

कर्ज शिलिंगमध्ये असण्याला फार महत्त्व आहे. २०२३ या एका वर्षात डॉलरचा भाव सुमारे १२३ शिलिंगांवरून १५६ च्या पुढे गेला. ग्राहकाचा हप्ता ठरलेला. डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या कंपनीचे देणे मात्र तेवढ्याच प्रमाणात फुगते. विनिमय-जोखीम झेलण्यासाठी २००७ मध्ये स्थापन झालेला टीसीएक्स निधी आहे, पण त्याचे शुल्क अखेर कर्जाच्या दरात मिसळते आणि रॉकेल सोडू पाहणाऱ्या कुटुंबाच्या हप्त्यातूनच वसूल होते. हवामान-निधीच्या घोषणा डॉलरमध्ये होतात. हा भार कोणी उचलायचा, याचे उत्तर त्यांत क्वचितच असते. ते द्यायला हवे. वसुली मंदावली तर मोठ्या कंपन्याही टिकत नाहीत. टांझानिया व रवांडात काम करणारी बर्लिनची मोबिसोल २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फ्रान्सच्या एंजी समूहाने ती विकत घेतली.

फिटलेला संच पुन्हा तारण ठेवून चूल, फोन किंवा शाळेच्या फीसाठी कर्ज देण्याची प्रथा युगांडातील फेनिक्स व केन्यातील एम-कोपा या कंपन्यांनी रूढ केली. त्यातून घरांना पत मिळाली, तसा कर्जबाजारीपणाचा धोकाही वाढला. एम-कोपाचा भर अलीकडे स्मार्टफोनवर आहे.

हवामानाशी संबंध : कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात एका घराची बचत लहानच असते. पण कोरोबोई या केन्यातील पत्र्याच्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलचा ७ ते ९ टक्के भाग काजळीत रूपांतरित होतो, असे २०१२ मधील एका संशोधनात आढळले. काजळीचा तापवण्याचा परिणाम तीव्र असतो आणि ती घरातल्यांच्या फुप्फुसांतही जाते. म्हणून नुसत्या कार्बन-श्रेयांकांत (टाळलेल्या उत्सर्जनाबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांत) या दिव्यांचे मोल मोजणे अपुरे ठरते.

शासनाची भूमिका : ती सतत बदलती राहिली. केन्याने सौरसाहित्याला मूल्यवर्धित करातून दिलेली सूट २०२० मध्ये काढली व २०२१ मध्ये पुन्हा दिली. २०१५ मध्ये वीजजोडणीचे शुल्क ३५,००० वरून १५,००० शिलिंगांवर आल्याने काही भागांत सौरसंचांना स्पर्धा निर्माण झाली. विरळ वस्तीच्या उत्तर व ईशान्य केन्यात कंपन्या स्वतःहून गेल्या नाहीत; तेथील व इतर दुर्लक्षित अशा एकूण १४ परगण्यांसाठी २०१७ मध्ये जागतिक बँकेच्या १५ कोटी डॉलरच्या कर्जातून स्वतंत्र योजना मंजूर झाली.

अन्य प्रदेश : पश्चिम आफ्रिकेत टोगोची सिझो योजना उल्लेखनीय आहे. तीत ग्राहकाच्या हप्त्याचा काही भाग सरकार मोबाइलवरून भरते. नायजेरियात सन किंग व डी.लाइट या कंपन्यांचा व्यापार मोठा आहे.