स्टुडिओ मॉनिटर की हाय-फाय स्पीकर: घरच्या मिक्ससाठी काय घ्यावे

घरीच गाणे ध्वनिमुद्रित करून त्याचे मिक्सिंग (गायन-वाद्यांच्या आवाजांचा तोल साधणे) करू पाहणाऱ्याला दुकानात दोन जोड्या शेजारीशेजारी मांडलेल्या दिसतात. दोन्हींत खालचे स्वर वाजवणारा पाच इंची वूफर, त्यावर वरचे स्वर वाजवणारा छोटा ट्वीटर आणि पेटीचा आकारही जवळपास सारखाच. मात्र एका जोडीवर ‘स्टुडिओ मॉनिटर’ असे लिहिलेले असते आणि दुसरी हाय-फाय, म्हणजे घरी संगीत ऐकण्यासाठीचा, ‘बुकशेल्फ स्पीकर’ म्हणून विकली जाते. फरक विचारला की ठरीव उत्तर मिळते: मॉनिटर खरे ऐकवतो आणि हाय-फाय गोड करून ऐकवतो. हे उत्तर अगदीच खोटे नाही, पण त्याच्या भरवशावर खरेदी करू नये, कारण पेटीवर ‘स्टुडिओ मॉनिटर’ असे छापण्यासाठी कोणाचेही प्रमाणपत्र लागत नाही आणि संगणकाच्या टेबलावरचे साधे स्पीकरही आज त्याच नावाने विकले जातात.

या दोन गटांमधली सीमा किती पुसट आहे, हे दोन जुन्या स्पीकरांच्या परस्परविरुद्ध प्रवासातून चांगले कळते. यामाहाने १९७८ साली एनएस-१० हा पांढऱ्या वूफरचा स्पीकर बाजारात आणला तो घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी. तिथे त्याचे फारसे कौतुक झाले नाही; पण ध्वनिअभियंत्यांनी तो मिक्सिंग कन्सोलवर नेऊन ठेवला, बॉब क्लिअरमाउंटनसारख्या नामवंत मिक्सिंग अभियंत्यांच्या हाताखाली त्याचा बोलबाला झाला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत तो असणे गृहीतच धरले जाऊ लागले. २००१ मध्ये उत्पादन थांबल्यानंतरही जुन्या जोड्या सांभाळून वापरल्या जातात. गंमत अशी की हा स्पीकर मुळीच ‘सपाट’, म्हणजे सर्व वारंवारता सारख्याच जोरात ऐकवणारा, नव्हता: खालचा बेस त्यात तोकडा होता, मधल्या वारंवारतांच्या वरच्या भागात स्पष्ट उंचवटा होता आणि सर्वांत वरच्या वारंवारता इतक्या टोचत की अनेक जण ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवीत. तरीही तो उपयोगी ठरला, याचे एक महत्त्वाचे कारण त्याच्या बंद पेटीत होते. अशा पेटीतला बेस ठोका संपताच थांबतो, मागे घुमत राहत नाही. त्यामुळे बेस गिटार आणि ड्रम एकमेकांवर कुठे चढतात ते स्पष्ट ऐकू येते. शिवाय त्या उंचवट्यामुळे गायनातले दोष लपत नाहीत.

उलट दिशेने गेलेला स्पीकर म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए. १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतल्या अडचणीच्या जागेसाठी बीबीसीच्या अभियंत्यांनी तो तयार केला, म्हणजे जन्माने तो अस्सल मॉनिटर होता. परवाना घेऊन अनेक कंपन्यांनी तो बनवला आणि आज त्याचे चाहते प्रामुख्याने दिवाणखान्यात बसून संगीत ऐकणारे आहेत.

‘हाय-फाय म्हणजे रंगवलेला आवाज’ हे विधान संशोधनानेही बरेच सैल केले आहे. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या. कोणता स्पीकर वाजतो आहे हे ठाऊक नसलेल्या बहुतेक श्रोत्यांनी पसंती दिली ती समोरून सपाट प्रतिसाद देणाऱ्या आणि बाजूंनाही आवाज एकसारखा पसरवणाऱ्या स्पीकरांना. मग चांगल्या हाय-फाय स्पीकरचे आणि चांगल्या मॉनिटरचे आलेख एकमेकांजवळ येतात यात नवल नाही. वाईट मात्र दोन्हीकडे आहेत.

मग खरा फरक कशात आहे? माझ्या मते पहिला आणि सर्वांत व्यवहारी फरक अॅम्प्लिफायरचा आहे. पारंपरिक हाय-फाय स्पीकर पॅसिव्ह असतो. त्याला अॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो, आणि वूफर व ट्वीटर यांच्यात ध्वनी वाटून देणारा क्रॉसओव्हर अॅम्प्लिफायरनंतर, पेटीच्या आत बसवलेला असतो. आजचे बहुतेक मॉनिटर अॅक्टिव्ह असतात: विभागणी आधी होते आणि वूफरला व ट्वीटरला स्वतंत्र अॅम्प्लिफायर मिळतो. उदाहरणार्थ, यामाहाच्या एचएस५ या पाच इंची मॉनिटरमध्ये वूफरसाठी ४५ वॉटचा आणि ट्वीटरसाठी २५ वॉटचा अॅम्प्लिफायर आहे. वेगळा अॅम्प्लिफायर निवडून जुळवण्याची कटकट त्यामुळे उरत नाही. मागच्या बाजूला एक्सएलआर किंवा टीआरएस ही बॅलन्स्ड जोडणी मिळते, जी ऑडिओ इंटरफेसशी (संगणकात आवाज आणणाऱ्या-नेणाऱ्या पेटीशी) थेट जुळते आणि घरातल्या विजेची घरघर बरीच रोखते.

घरगुती स्पीकरांतही आता अॅक्टिव्ह प्रकार पुष्कळ आहेत आणि फसगत इथेच जास्त होते. त्यांतल्या अनेकांमध्ये आवाज कमी केला की बेस आपोआप वाढवणारी व्यवस्था असते. ऐकणाऱ्याला ती सुखावह वाटते, पण मिक्स करणाऱ्याच्या पायाखालची जमीनच ती सरकवते, कारण व्हॉल्यूम बदलताच बेसचा तोल बदलतो. ब्लूटूथने जोडल्यास आवाज उशिरा पोहोचतो आणि वाजवत असताना स्वतःला ऐकणे अशक्य होते. बेस वाढवणारी व्यवस्था बंद करता येत नसेल किंवा तारेने जोडणी होत नसेल, तर तो स्पीकर कितीही गोड वाजो, या कामासाठी घेऊ नये.

दुसरा फरक अंतराचा. नियरफील्ड, म्हणजे जवळून ऐकायचा, मॉनिटर साधारण एक ते दीड मीटरवरून ऐकण्यासाठी असतो. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा, एवढी त्याची अपेक्षा असते. हाय-फायच्या उंच मनोऱ्यांमध्ये तीन-चार ड्रायव्हर (वूफर, ट्वीटर यांसारखे ध्वनी काढणारे भाग) दूरदूर बसवलेले असतात आणि त्यांचे आवाज एकजीव व्हायला दोन-तीन मीटर लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत ते अंतर मिळत नाही.

आकाराच्या निवडीत आपल्याकडचे संगीत डोळ्यांसमोर ठेवले तर प्रश्न नेमका होतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर येते. एचएस५ चा प्रतिसाद कंपनीच्याच आकड्यांनुसार ७४ हर्ट्झला तीन डेसिबलने उतरलेला असतो, तर आठ इंची एचएस८ ३८ हर्ट्झपर्यंत पोहोचतो, अर्थात तिथे तो दहा डेसिबल खाली असतो. तंबोऱ्याचा खर्ज मुख्यतः त्याच तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांमुळे ओळखू येतो, म्हणून भावगीत, अभंग किंवा नाट्यपद मिक्स करणाऱ्याचे पाच इंचांवर भागते. डग्ग्याची घुमक थोडी अंदाजाने जोखावी लागेल इतकेच. इलेक्ट्रॉनिक बेस किंवा डीजेवर वाजणारे संगीत करणाऱ्याला मात्र ते अपुरे पडतील.

मोठा वूफर घेण्याआधी खोलीकडे बघणे भाग आहे. दहा फूट अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास ध्वनिलहर उभी राहते. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांना तीच वारंवारता घुमते. अशा खोलीच्या बरोबर मध्यावर बसल्यास तो बेस जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीला टेकून बसल्यास फुगून ऐकू येतो. स्पीकर आणि त्याच्यामागची भिंत यांतल्या अंतराचाही असाच हिशेब आहे: स्पीकरचे तोंड भिंतीपासून सुमारे ६२ सेंटीमीटरवर असेल तर मागून परतलेली लहर १३९ हर्ट्झला उलटी येऊन मूळ ध्वनीला खाते, म्हणजे काळी एकच्या गायकाचा षड्जच दबतो. म्हणून लहान खोलीत स्पीकर भिंतीच्या बराच जवळ ठेवणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. त्यामुळे वाढणारा बेस कमी करण्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर खटके असतात (एचएस५ वर ते दोन किंवा चार डेसिबल उतरवतात). पॅसिव्ह हाय-फाय स्पीकरवर अशी सोय क्वचितच आढळते, आणि लहान खोलीत मॉनिटरचे पारडे जड होते ते माझ्या दृष्टीने मुख्यतः याच खटक्यांमुळे.

म्हणून घरात चांगला अॅम्प्लिफायर आणि प्रामाणिक बुकशेल्फ जोडी आधीपासून असेल, तर ती विकून मॉनिटर घेण्याची घाई नको. ती टेबलामागे स्टँडवर मांडून तीच मिक्ससाठी वापरावी आणि वाचलेले पैसे दगडी लोकरीच्या जाड पॅनेलांवर खर्च करावेत. ती पॅनेल कोपऱ्यांत आणि बाजूच्या भिंतींवर, जिथे आरसा धरल्यास बसल्या जागेवरून स्पीकर दिसतो तिथे, लावावीत. सगळेच नव्याने घ्यायचे असेल तर दहा-बारा फुटांच्या खोलीसाठी पाच इंची अॅक्टिव्ह मॉनिटरची जोडी घ्यावी, आणि ५० हर्ट्झच्या खाली काय चालले आहे ते हेडफोनवर तपासावे.