स्ट्रेस फ्रॅक्चर: सैनिकांच्या सुजलेल्या पावलांपासून सुरू झालेला शोध

१८५५ साली प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी एका विचित्र दुखण्याची नोंद केली. लांबलचक कूच करून आलेल्या तरुण शिपायांची पावलं सुजत, बूट घालवत नसे. मार लागलेला नाही, कोणी पडलेलं नाही. एक्स-रे नावाची गोष्टच तेव्हा नव्हती, त्यामुळे स्नायूबंधांच्या आवरणाला सूज आली असावी, असा तर्क त्यांनी केला. एक्स-रेचा शोध १८९५चा. १८९७ मध्ये श्टेखो यांनी अशा पावलांच्या प्रतिमा काढल्या आणि बोटांमागची लांब हाडंच तडकलेली निघाली. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने हाडाला जाणाऱ्या अशा तड्यालाच आज स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

गंमत अशी, की हाड वजनाला साजेसा आकार घेतं, हे याच काळात जर्मन भाषिक जगात ठासून मांडलं जात होतं. १८६६च्या सुमारास झुरिकमध्ये शरीररचनातज्ज्ञ मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला. आतल्या जाळीच्या रेषा पाहून कुलमान या अभियंत्याला आपल्या क्रेनमधल्या ताणाच्या रेषा आठवल्या. हाच धागा पकडून युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये, हाड त्यावर पडणाऱ्या भारानुसार घडतं, हा आपला नियम ग्रंथरूपात मांडला. त्यातलं गणित पुढे फारसं टिकलं नाही, पण मूळ कल्पना टिकली. टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा स्पष्टपणे जाड असतं, हे १९७७ मध्ये मोजूनही दाखवलं गेलं.

मग रोज चालणाऱ्या शिपायाचं हाड बळकट होण्याऐवजी तडकतं का?

उत्तराची सुरुवात डेट्रॉइटमध्ये झाली. १९६०च्या सुमारास हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी रंगद्रव्य वापरून दाखवलं, की जिवंत माणसाच्या हाडातही सूक्ष्म चिरा असतात. त्या रोज पडतात आणि रोज बुजवल्या जातात. मेख आहे ती बुजवण्याच्या क्रमात. रस्त्याचा खड्डा भरताना आधी उखडलेला भाग खणून काढावा लागतो, तसंच इथे होतं. हाड खाणाऱ्या पेशी साधारण तीन आठवडे पोखरत जातात. नवं हाड भरायला मात्र सुमारे तीन महिने लागतात, आणि ते कडक व्हायला त्याहूनही जास्त. मधल्या काळात हाड सच्छिद्र, कमजोर असतं. नेमकं तेव्हाच कूच चालूच राहिलं, तर दुरुस्ती मागे पडते आणि चिरा एकमेकींना मिळतात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. असं हाड मुळात दुबळं असतंच असं नाही, बऱ्याचदा ते दुरुस्तीच्या मधोमध गाठलं गेलेलं असतं.

१९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन यांनी कोंबड्याच्या पंखातल्या हाडावर प्रयोग केला. दिवसाला फक्त ३६ वेळा ताण दिला तरी हाडाची वाढ कमाल पातळीला पोहोचली. १८०० वेळा देऊन काहीच जास्त मिळालं नाही. पुढची आवर्तनं म्हणजे नुसती झीज.

इस्रायली सैन्याने हा धडा व्यवहारात आणला. रंगरुटांना किमान सहा तास झोप आणि एकूण चाल कमी, एवढ्यावर तिथली स्ट्रेस फ्रॅक्चर्स ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

वेगवान गोलंदाजांत हेच कमरेच्या मणक्यात घडतं. १९७३ मध्ये डेनिस लिली, २०२२ मध्ये जसप्रीत बुमराह. आपल्याकडे पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की पोरं एकदम डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. नडगी दुखली म्हणून काढलेला एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे बहुधा साफ येतो आणि सराव तसाच चालू राहतो. एमआरआयमध्ये तीच जागा केव्हाच दिसू लागलेली असते.