सुटं निघालं म्हणून ते मॉड्यूल होत नाही

सांगलीत फेब्रुवारी-मार्च आला की इंजिनिअरिंगच्या पोरांची प्रोजेक्टची घाई सुरू होते आणि प्रत्येक रिपोर्टात एक वाक्य ठरलेलं असतं, 'सिस्टीम पाच मॉड्यूलमध्ये विभागली आहे'. उघडून बघावं तर पाच फायली, बास. लॉगिनच्या फाईलनं बिलिंगच्या व्हेरिएबलला हात घातलेला, बिलिंगच्या टेबलात एका कॉलमचं नाव बदललं की रिपोर्टचं पान बंद पडतंय. अरे हे नुसते तुकडे, म्हणजे पार्ट झाले, मॉड्यूल नाही! पोरं हुशार असतात, त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं, याचं जास्त वाईट वाटतं.

मग पार्ट आणि मॉड्यूल यांत फरक काय? पार्ट काय असतो ते सगळ्यांना माहितीय, त्यात वेळ घालवत नाही. मॉड्यूल मोठं का छोटं, हार्डवेअर का सॉफ्टवेअर, यानंपण काही फरक पडत नाही. सगळी गंमत जोडाच्या जागी आहे, म्हणजे दोन भाग एकमेकांना जिथं भेटतात तिथं. जोड आधी ठरलेला पाहिजे, आणि जोडाच्या आत काय चाललंय ते पलीकडच्याला कळायची गरजच पडता कामा नये. उसाच्या सीझनला कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर बघा, ट्रॉली कुणाचीबी असू दे, हुकात पिन घातली की चालली. ट्रॅक्टरचा गिअरपण सुटा निघतोच की, पण तो दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसवून दाखवा.

डेव्हिड पार्नस या कॉम्प्युटर शास्त्रज्ञानं १९७२ सालीच हे लिहून ठेवलंय, की प्रोग्रॅमचे भाग कामाच्या पायऱ्या बघून पाडू नका, उद्या जे बदलायची शक्यता आहे ते एकेका मॉड्यूलच्या आत झाकून टाका. आपल्याकडं अजून फ्लोचार्टातल्या प्रत्येक चौकोनाला मॉड्यूल म्हणतात.

माझ्या मते हे समजायला अमेरिकेच्या अपोलो १३ या चांद्रमोहिमेसारखं उदाहरण नाही. एप्रिल १९७०, चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली. कमांड मॉड्यूल, म्हणजे मुख्य यान, एका कंपनीनं बनवलेलं, लूनर मॉड्यूल, म्हणजे चंद्रावर उतरायचं यान, दुसऱ्या कंपनीनं, पण दोघांचा डॉकिंगचा, म्हणजे एकमेकांना चिकटायचा, जोड ठरलेला होता म्हणून तिघं अंतराळवीर लूनर मॉड्यूलमध्ये जाऊन बसले आणि जीव वाचला. पण लूनर मॉड्यूल होतं दोघांसाठी, तिघांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. तो शोषणारे जादा डबे कमांड मॉड्यूलमध्ये होते, चांगले कोरे, आणि ते बसेनात! कमांडचे डबे चौकोनी, लूनरचे गोल. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, स्पेससूटचा पाइप आणि चिकटपट्टी असं सगळं जुळवून काम भागवलं. म्हणजे तीच दोन यानं, डॉकिंगपुरती पक्की मॉड्यूल आणि डब्यांच्या बाबतीत एकमेकांना परकी. म्हणून कुणी 'हे मॉड्यूल आहे का' विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या जोडाच्या बाबतीत?

गेममध्ये हेच रोज बघायला मिळतं. माइनक्राफ्टच्या जावा एडिशनचा मॉड, म्हणजे गेम बदलायला बाहेरच्या कुणी लिहिलेला कोड, गेमच्या आतल्या कोडला हात घालतो, गेमला मोठा अपडेट आला की मॉड बंद, आणि पोरं मॉड बनवणाऱ्याला शिव्या घालत बसतात, बिचाऱ्याचा काय दोष? डेटा पॅकचं, म्हणजे गेमच्या कोडला हात न लावता त्यात बदल करणाऱ्या फायलींच्या गठ्ठ्याचं, तसं नाही, त्याची मांडणी गेमनंच ठरवून दिलीय, आत फॉरमॅटचा नंबर लिहावा लागतो आणि तो जुळत नसला तर गेम आधीच सांगतो. डेटा पॅकमध्ये होण्यासारखं काम असेल तर मॉडच्या नादी लागू नये.

आणि लॅपटॉपची रॅम. स्लॉटात बसणारी पट्टी हे खरं मॉड्यूल, डीडीआर३ या पिढीची २०४ पिनांची, डीडीआर४ या पुढच्या पिढीची २६० पिनांची, खाचपण वेगळ्या जागी, त्यामुळं चुकीची पट्टी बसतच नाही. तशाच चिपा बोर्डावर सोल्डर केल्या की तो पार्ट झाला, पुढं वाढवायची सोय संपली. सांगलीत विश्रामबागला दुकानात लोक 'रॅम किती' एवढंच विचारून पैसे देऊन येतात. स्लॉट आहे का ते विचारा, आणि ८ जीबी सोल्डर केलेली असून स्लॉट नसेल तर तो लॅपटॉप घेऊ नका.