रक्ताच्या इंजेक्शनाने बीजं पुन्हा तयार होतात का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो: 'चाळिशीआधी पाळी गेली तरी स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपी (प्लेटलेट्स जास्त असलेला रक्तातला द्रव) बीजांडकोशात टोचलं की बीजं नव्याने तयार होतात, मूल हमखास.'

आस लागलेल्या बाईने यावर विश्वास ठेवणं स्वाभाविक आहे. पण हमखास असं काही सिद्ध झालेलं नाही. हा उपचार अजून प्रायोगिकच आहे.

मग 'अमकीला दिवस गेले' ते कसं? चाळिशीआधी बीजांडकोशाचं काम मंदावणं साधारण 100 पैकी एक ते चार स्त्रियांत दिसतं. ते नेहमी कायमचं बंद पडत नाही, अधूनमधून पुन्हा चालू होतं. त्यामुळे अशा 5 ते 10 टक्के स्त्रियांना कुठल्याही उपचाराविना दिवस जातात. इंजेक्शननंतर गर्भ राहिला तर श्रेय इंजेक्शनला मिळतं. ते खरं की नाही, हे इंजेक्शन न घेतलेल्या तशाच स्त्रियांशी तुलना केल्याशिवाय कळत नाही.

पैसे भरण्याआधी विचारा: ही नोंदणीकृत चाचणी (क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नवा उपचार तपासणारं संशोधन) आहे का? क्रमांक मागून सरकारी संकेतस्थळावर ताडून बघा. चाचणी असेल तर संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. कन्नड वाचता येत नसेल तर मराठीत मागा, संकोच नको.

दात्या स्त्रीचं बीज घेऊन आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) हा आज सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. आणि मूल नको असलं तरी हाडं व हृदयासाठी हार्मोन्सबद्दल डॉक्टरांना विचाराच. ते मेसेजमध्ये कधीच नसतं.