चंद्राखालची दाट हवा : नार्नियात दडलेले सात ग्रह

शनिवारनंतर रविवार आणि त्यानंतर सोमवार, हा क्रम आला कुठून? आकाशात तर हे तिघे असे शेजारी-शेजारी नाहीत. जुन्या खगोलशास्त्रात पृथ्वी मध्यभागी, आणि बाहेरून आत येताना शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम. दिवसाच्या प्रत्येक तासाचा, म्हणजे होऱ्याचा, एक ग्रह स्वामी. २४ ला ७ ने भागलं की बाकी ३ उरते. म्हणून दुसऱ्या दिवशीचा पहिला होरा तीन घरं पुढे सरकतो : शनीवरून सूर्यावर, सूर्यावरून चंद्रावर. पहिल्या होऱ्याचा स्वामी तोच त्या वाराचा. आपले वार आणि युरोपातले वार जुळतात ते यामुळेच.

सी. एस. लुईस हे मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक होते आणि हे आकाश त्यांना तोंडपाठ होतं. १९३५ मध्ये त्यांनी सात ग्रहांवर एक दीर्घ कविता लिहिली. १९५० ते १९५६ या काळात नार्निया या काल्पनिक जादुई जगाबद्दलची त्यांची मुलांसाठीची पुस्तकं आली, तीही सातच. मायकेल वॉर्ड या अभ्यासकाने २००८ च्या ‘प्लॅनेट नार्निया’मध्ये दावा केला की प्रत्येक पुस्तकावर एकेका ग्रहाचं राज्य आहे. कवितेतला गुरू हिवाळा संपवतो, अपराध माफ करतो. पहिल्या पुस्तकात, ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये, न संपणारा हिवाळा संपतो आणि दगा देणाऱ्या मुलाला माफी मिळते; कथानक वेगळं काय आहे? त्यात मध्येच उगवणारा नाताळबाबा अनेकांना उपरा वाटत आला. गुरू हा आनंदाचा आणि दरबारी थाटाचा ग्रह धरला, तर तो तिथे शोभतो.

बाकीची वाटणी अशी : ‘प्रिन्स कॅस्पियन’ मंगळाचं, ‘डॉन ट्रेडर’ सूर्याचं, ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ बुधाचं (जुळे भाऊ आहेत, आणि मिथुन ही बुधाची रास), ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ शुक्राचं, ‘द लास्ट बॅटल’, म्हणजे नार्नियाच्या अंताची गोष्ट, शनीचं. साडेसातीची धास्ती ठाऊक असलेल्या वाचकाला शेवटचं वेगळं समजवायला नको.

पण खरा पुरावा ‘द सिल्व्हर चेअर’ (चांदीची खुर्ची) या चंद्राच्या पुस्तकात आहे. चंद्राचा धातू चांदी, हे शाळकरी जुळवणं झालं. ते सोडून द्या. मध्ययुगीन विश्वात चंद्राची कक्षा ही सीमारेषा होती. तिच्यावर ईथर, म्हणजे आकाश भरून असलेलं निर्मळ, न बदलणारं तत्त्व. तिच्याखाली हवा, आणि हवेबरोबर बदल, नाश, गोंधळ. पुस्तकाच्या सुरुवातीला जिल ही शाळकरी मुलगी एका अफाट उंच पर्वतावर असते. अस्लान हा नार्नियाचा देवतुल्य सिंह तिच्याकडून हरवलेल्या राजपुत्राच्या शोधासाठीच्या चार खुणा घोकून घेतो आणि बजावतो, की इथली हवा स्वच्छ आहे, खाली उतरशील तशी ती दाट होईल आणि डोकं गोंधळेल. होतंही तसंच; खुणा एकामागून एक हुकतात. पुढे दलदल, पाऊस, बर्फ : चंद्र ओलाव्याचा स्वामी. त्या राजपुत्राला, रिलियनला, रोज रात्री तासभर ‘वेड’ लागतं. लॅटिनमध्ये चंद्राला ‘लुना’ म्हणतात. ‘ल्युनॅटिक’ (वेडा) हा इंग्रजी शब्द तिथलाच.

हे विश्व लहानसं, घरगुती होतं असं मात्र समजू नये. लुईस एका मध्ययुगीन ग्रंथाचा दाखला देतात : रोज चाळीस मैलांहून थोडं अधिक वर चढत गेलं, तरी ८,००० वर्षांत ताऱ्यांचा गोल गाठता येणार नाही. चाळीसच धरून गुणाकार केला तर सुमारे १९ कोटी किलोमीटर होतात. आजच्या मापाने सूर्यसुद्धा १५ कोटींवर आहे. आकडा चुकीचा, पण भव्यतेत कमी नाही.

अशा वाचनात घसरायला जागा पुष्कळ. सोनं, चांदी, तलवार कुठल्याही परीकथेत सापडतात. म्हणून पुस्तक मुद्दाम चुकीच्या ग्रहाला लावून पाहावं. तेही तितकंच चपखल बसलं तर पुरावा कच्चा. ‘डॉन ट्रेडर’मध्ये वस्तू सोन्याची करून टाकणारं पाणी आहे, जहाज उगवतीकडे जातं, सूर्य मोठा होत जातो, पण शेवटच्या, पांढऱ्या कमळांनी भरलेल्या समुद्राला नाव आहे ‘रुपेरी समुद्र’! ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये जागी होणारी झाडं मंगळाची म्हणायची, तर मंगळाचं, म्हणजे रोमन युद्धदेव मार्सचं, जुनं वनदेवतेचं रूप शोधून आणावं लागतं. सर्वांत मोठी अडचण खुद्द लुईस यांची आहे. १९५७ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं, की मालिका आधी ठरवलेली नव्हती. पहिलं पुस्तक लिहिताना दुसरं लिहीन असंही वाटलं नव्हतं. त्यामुळे सातांचा आराखडा पहिल्या दिवसापासून होता, हे पटत नाही. गुरूचं पुस्तक आधी सहज लिहिलं गेलं आणि बाकीचे ग्रह वाटेत सुचत गेले, इतकंच पत्राशी जुळतं.