पाऊस पडला की पाडला?

श्रावणात दुपारी सोलापूरच्या आभाळाकडे बघत उभं राहिलं की जीव टांगणीला लागतो. पश्चिमेकडून ढग येतात, चांगले काळे, भरलेले. वाऱ्याला गारवा सुटतो, अंगणातलं वाळवण घाईघाईनं आत जातं, कुणीतरी म्हणतं, "आज नक्की." आणि ढग डोक्यावरून तसेच पुढे निघून जातात. लहानपणापासून हे इतक्यांदा पाहिलंय की त्या ढगांचा राग यायचाही बंद झाला होता.

कारण शाळेतच शिकवलेलं असतं. सह्याद्री पाऊस अडवतो, आपण पर्जन्यछायेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सोलापूरला त्याच्या सहाव्या भागाइतकाही नाही. पण या उत्तरानं माझं समाधान कधी झालं नाही. ढग तर आलाय, त्यात पाणीही आहे, मग ते खाली का येत नाही?

ढगातल्या थेंबाचा आकार पाहिला की याचं उत्तर मिळतं. ढगाचा एक कण साधारण २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या पाव जाडीच्या आसपास. तो इतका हलका की वर चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते. पावसाचा चांगला टपोरा थेंब २ मिलिमीटरचा, म्हणजे शंभरपट जाड. त्यात असे दहा लाख कण मावतात. म्हणजे पाऊस पडायचा तर दहा लाख कणांनी एकत्र यायला हवं. नुसती वाफ साचून कण तेवढा वाढायचा म्हटलं तर ढगाचं आयुष्य पुरत नाही. त्यांना एकमेकांवर आदळून एकजीव व्हावं लागतं, आणि तेही नीट सुरू होतं ते कणांची त्रिज्या साधारण १४ मायक्रोमीटरच्या पुढे गेल्यावर. हवेत धूळ-धुराचे बारीक कण फार असले तर तीच वाफ असंख्य कणांत वाटली जाते. सगळेच बारीक राहतात, कुणीच कुणाला गिळण्याइतका मोठा होत नाही. ढग भरलेला दिसतो, पण कोरडाच जातो.

यावरचा इलाज माणसाला १९४६ पासून माहीत आहे. अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी त्या वर्षी विमानातून ढगात कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकला, आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइड सापडलं. त्याच्या स्फटिकाची घडण बर्फासारखी, त्यामुळे अतिथंड पाणी, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेलं, त्यावर गोठतं. आपल्याकडच्या उबदार, म्हणजे बर्फ न धरलेल्या, ढगांना दुसरी युक्ती लागू पडते. ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडसारख्या मिठाचा धूर सोडायचा. पाणी ओढून घेणारे ते कण वर चढत्या हवेबरोबर ढगात शिरतात आणि सुरुवातीपासूनच मोठे थेंब तयार होतात. मोठे थेंब बारक्यांना गिळत खाली येतात.

महाराष्ट्रानं हे २००३ मध्ये करून पाहिलं, मग २०१५ आणि २०१९ मध्ये मराठवाड्यावर. दर वेळी विमानातून ढगांवर फवारणी झाली, कुठे पाऊस झाला, कुठे नाही. आणि दर वेळी चहाच्या टपरीवर तोच प्रश्न निघाला: पडला तो विमानामुळे पडला, की पडणारच होता? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शास्त्रज्ञ स्वतः सत्तर वर्षं त्याच प्रश्नापाशी अडून होते. शेतात आपण एका सरीला खत घालतो, शेजारची तशीच ठेवतो आणि सुगीला दोन्ही तोलतो. ढगाची शेजारची सरी कुठून आणायची? प्रत्येक ढग वेगळा, तासाभरात विरणारा. फवारणी केली नसती तर या ढगाचं काय झालं असतं, हे सांगायला तो ढग परत येत नाही.

म्हणून मला वाटतं, अलीकडे नव्यानं जमलेली गोष्ट पाऊस पाडणं ही नाहीच. पाडला की पडला, हे सांगता येणं ही ती गोष्ट. आणि तिचा एक मोठा भाग आपल्या सोलापूरच्या आभाळात घडला.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं २००९ मध्ये 'कैपेक्स' नावाचा प्रयोग सुरू केला. त्याचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुरात झाला. निवडलेले ढग २७६. त्यातल्या कोणत्यावर फवारणी करायची आणि कोणता तसाच सोडायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं दैवावर सोडलेलं, म्हणजे 'हा ढग देईल' असं वाटून चांगलेच ढग निवडले जाण्याची सोय उरली नाही. एक ढग परत येत नाही, पण दोन्ही बाजूंच्या शे-दीडशे ढगांची सरासरी काढली की शेजारची सरी मिळते.

पण मोजायचं कशानं? इथं यंत्रांची कमाल आहे. फवारणीचं विमान वेगळं आणि मोजणीचं वेगळं. मोजणीच्या विमानावर लेझरचा झोत असतो. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक कणानं प्रकाश किती विखुरला यावरून कणाची जाडी कळते. कण मोठे होऊ लागलेत की नाही, हे ढगाच्या आत शिरून बघता येतं. जमिनीवर रडार. या नव्या पिढीच्या रडारच्या लहरी आडव्याही असतात आणि उभ्याही. पडताना मोठा थेंब गोल राहत नाही, तो खालून सपाट आणि वरून फुगीर होतो, तव्यावरून उतरलेल्या टम्म भाकरीसारखा. आडवी लहर त्याला रुंद पाहते, उभी लहर बुटका. दोन्हींतल्या फरकावरून कित्येक किलोमीटर दूरच्या थेंबांची जाडी इथं बसून कळते. शिवाय शिवारात स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं होतंच.

अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये २०१७ च्या जानेवारीत असंच एक दृश्य रडारवर उमटलं होतं. विमान ज्या नागमोडी वाटेनं सिल्व्हर आयोडाइड टाकत गेलं, हुबेहूब त्याच आकाराची बर्फाची रेघ ढगात दिसली. निसर्ग नागमोडी बर्फ पाडत नाही. इतका उघड पुरावा आमच्या उबदार ढगांत मिळत नाही, म्हणून इथं आकडेमोडीची वाट धरावी लागली.

निकाल २०२३ मध्ये अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आले. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. जादा पाऊस ८.६७ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, या हिशोबानं ८६ कोटी ७० लाख लिटर पाणी.

ऐकायला आकडा मोठा. पण उजनी धरणाचं पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजतात आणि एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. हे जादा पाणी त्याच्या तेहतिसाव्या भागाइतकं, आणि उजनीची पूर्ण क्षमता ११७ टीएमसी. प्रयोगात खर्च आला लिटरला १८ पैसे, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला १,८०० रुपये. देशी विमान वापरलं तर तो निम्म्याहून खाली येईल, असं संशोधकांनी म्हटलंय. एवढ्यानं दुष्काळ हटत नाही, हेही त्यांनीच स्पष्ट लिहिलंय. मला हा प्रामाणिकपणा निकालाइतकाच मोलाचा वाटतो.

कारण मिठानं ढग तयार होत नाही. २८ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीवर फवारणी झाली आणि पाऊस आला नाही. हवेत ओलावाच पुरेसा नव्हता. उलट २०२४ च्या एप्रिलमध्ये दुबई बुडाली तेव्हा लोकांनी खापर फवारणीवर फोडलं, पण तेवढं पाणी एका भल्यामोठ्या वादळी प्रणालीनं आणलं होतं. जो ढग किलोमीटरभर जाड आहे, अजून वाढतोय आणि थोडक्यासाठी अडलाय, त्यालाच हा धक्का लागू पडतो. असा ढग ओळखून तो विरायच्या आत विमान तिथं पोचवायचं, यातच सगळी मेख आहे.

आणि आमच्याकडे ८.६७ मिलिमीटरची किंमत वेळेवर ठरते. एवढ्या पावसानं विहिरीला पाणी येत नाही, ओढा वाहत नाही. पण उत्तरा-हस्तात, रानाला वाफसा येण्यापुरती ओल कमी पडत असताना आणि मालदांडी ज्वारीचं बी घरात पडून असताना, तेवढ्या सरीवर पेरणी होते.