गोंदलेल्या हनुवटीचं बेट

कॅनडाच्या पार उत्तरेला, ७५ अंश अक्षांशावर डेव्हन नावाचं बेट आहे. समुद्रातून येताना त्याच्या कड्यांवरच्या घळी आणि रेघा बाईच्या हनुवटीवरच्या गोंदणासारख्या दिसतात, म्हणून इनुइट लोक त्याला ‘तालुरुतित’ म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ हिमाचल प्रदेशाएवढं. आणि कायमची वस्ती शून्य. जगातल्या निर्मनुष्य बेटांमध्ये हे सर्वांत मोठं.

बेटाच्या पूर्व भागावर जाडजूड हिमटोपी आहे. पश्चिमेकडे मात्र नुसता करडा, उघडा दगड. तिथेच हॉटन विवर आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड पिंड येऊन आदळला आणि सुमारे २० किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. आपल्या लोणारच्या विवराचा व्यास १.८ किलोमीटर आहे, त्यावरून कल्पना येईल. नेमका कधी आदळला यावर अजून एकमत नाही, २.३ कोटी ते ३.९ कोटी वर्षं अशी वेगवेगळी अनुमानं आहेत. १९७० च्या दशकापर्यंत तर या गोल रचनेला मिठाचा घुमट, म्हणजे जमिनीखालून वर फुगलेला मिठाचा थर, समजत. मग खडकांत आघाताच्या खुणा सापडल्या. उल्कापाताच्या धक्क्याने खडकावर शंकूच्या आकारात रेषा उमटतात. ज्वालामुखीने किंवा मिठाच्या फुगवट्याने त्या उमटत नाहीत.

एवढी जुनी जखम अजून इतकी स्पष्ट का दिसते? कारण इथे झाडं नाहीत, दाट माती नाही आणि पाऊसही फार थोडा. वर्षातला बराच काळ जमीन गोठलेली असते. आपल्याकडे असं विवर पावसाने धुऊन काढलं असतं, गाळाने भरलं असतं, वर शेती आली असती. डेव्हनवर ते उघडं पडलेलं आहे, चालत जाऊन वाचता येईल असं.

मला इथली सर्वांत विलक्षण वाटते ती एक साधी दगडाची खपली. बेटाखाली खोलवर नाइस नावाचा पट्टेदार, घट्ट खडक आहे. आघाताने त्याचे तुकडे वर भिरकावले गेले. धक्क्याने त्यातली खनिजं फुटली, काही उडून गेली, आणि घट्ट दगडाचा सच्छिद्र, हलका दगड झाला. असा तुकडा हातोडीने फोडला, की पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर आत एक बारीक हिरवी रेघ दिसते. ती जिवंत आहे. प्रकाशसंश्लेषण करणारे सायानोबॅक्टेरिया तिथे घर करून राहतात. बाहेर बोचरा वारा आणि अतिनील किरणं. आत थोडी ओल, आडोसा, आणि फुटलेल्या खनिजांतून झिरपणारा पुरेसा उजेड. त्याच जातीच्या न फुटलेल्या दगडात त्यांना अशी जागा मिळत नाही. ज्या आघाताने आसपासचं सगळं जाळलं, त्यानेच पुढे जीवांना घर दिलं. मंगळावर विवरांना तोटा नाही, त्यामुळे तिथे जीवांच्या खुणा शोधायच्या तर कोणता दगड आधी फोडायचा, हे ही रेघ सांगते.

विवरात पुढे गोड्या पाण्याचं तळं साचलं. लोणारच्या तळ्याच्या गाळातून जसा जुन्या मोसमी पावसाचा इतिहास काढतात, तसा हॉटनच्या गाळातून एक हरवलेला काळ बाहेर आला. तेव्हा या भागात झाडी होती, ससे होते, गेंडेसुद्धा होते. २००७ साली शोधपथकाच्या गाडीचं इंधन संपलं. ते येईपर्यंत थांबलेल्यांपैकी एकीला जमिनीवर हाड दिसलं. खणत गेले तेव्हा साधारण मीटरभर लांबीच्या, चार पायांच्या, पाणमांजरासारख्या प्राण्याचा बराचसा सांगाडा मिळाला. तो सीलच्या कुळातला, पण वल्ह्यांऐवजी पाय असलेला. त्याला ‘पुइजिला डार्विनी’ हे नाव मिळालं. जमिनीवरचा प्राणी आधी उथळ पाण्यात, मग नद्या-तळ्यांत शिकार करत शेवटी समुद्रात जाऊ शकेल, असं डार्विनने लिहून ठेवलं होतं. तळ्याकाठचा हा चालणारा सील त्या वाटेवरच उभा होता.

बातम्यांत मात्र डेव्हन येतं ते मंगळामुळे. १९९७ पासून नासाच्या पाठबळाने इथे उन्हाळ्यात मंगळासाठीचे रोव्हर, ड्रिल आणि अंतराळपोशाख तपासले जातात. २००० साली विवराच्या कडेला मार्स सोसायटी या मंगळावर माणूस जावा म्हणून झटणाऱ्या संस्थेने मंगळावरच्या निवासाचा सराव करायला दुमजली गोल घर उभारलं. सामान विमानातून टाकताना एक पॅराशूट निकामी झालं आणि क्रेन व मजल्यांचे भाग चक्काचूर झाले. माणसांनी उरलेल्या सामानातून हाताने घर पूर्ण केलं. २००७ मध्ये सात जण त्यात चार महिने राहिले. बाहेर पडायचं तर नकली अंतराळपोशाख घालूनच, पण सोबत बंदूक हवी, कारण ध्रुवीय अस्वलाला मंगळाशी कर्तव्य नसतं. डेव्हन म्हणजे मंगळ नव्हे. इथे श्वास घेता येतो. पण एकटेपणा, थंडी आणि यंत्रांत शिरणारी धूळ खरी आहे, आणि कुठल्याही प्रयोगशाळेत ती अशी एकत्र मिळत नाही.

‘निर्मनुष्य’ या शब्दाने मात्र फसायला नको. १९३४ मध्ये फरच्या व्यापारासाठी बॅफिन बेटावरच्या पन्नासेक इनुइटांना इथल्या डंडास हार्बरला आणून वसवलं. तिथल्या बर्फावर कुत्र्यांच्या गाड्या नीट चालेनात, शिकार अवघड झाली, आणि दोन वर्षांत त्यांना हलवावं लागलं. त्याआधी कितीतरी शतकं त्यांचे पूर्वज, थुले लोक, या किनाऱ्यावर घरं बांधून राहत होते. दगड आणि व्हेलची हाडं रचून बांधलेल्या त्या घरांचे अवशेष अजून आहेत. हाडं हळूहळू झिजतात, त्यांतलं पोषण मातीत उतरतं, आणि अशा जुन्या वस्त्यांभोवती आजही आसपासच्या माळापेक्षा शेवाळ हिरवंगार दिसतं.